नागुबाईची तिसरी मुडी

नागुबाई बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर सकाळी साडेसहाला पोचली. विमान दहा वाजून दहा मिनिटांचं होतं. पण कणकुंबीची सकाळची बस चुकली की दिवस वाया जातो, हे तिच्या हाडात भिनलेलं. विमानाचं तरी वेगळं काय असणार?

"आदी जाऊन बसल्यालं बरं," ती म्हणाली. "गाडी काय आपल्यासाठनं थांबतीया?"

गाडी थांबली नाही. त्या दिवशी ती आलीच नाही.

नागुबाईबरोबर रचना होती. रचना हिंडलग्याची. वय चोवीस. एम.ए. मराठी. मागच्या वर्षी कणकुंबीजवळच्या मराठी शाळेत ती अतिथी शिक्षिका होती आणि नागुबाईच्या पडवीत राहायची. मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं, तशी नोकरीही संपली. पडवी सुटली, नागुबाई सुटली नाही. दोघींच्या वयात तेहतीस वर्षांचं अंतर. तरी रविवारी एकमेकींना फोन केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

त्या सकाळी मात्र रचनाला नागुबाईचं तोंड बघवत नव्हतं.

नागुबाईने नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. केसांना तेल चोपडलं होतं. खांद्याला एक पिशवी, हातात दुसरी. दुसऱ्या पिशवीत तीन मुड्या. मुडी म्हणजे बियाणं ठेवायचा गवताचा गोळा. भाताचं लांब पिंजर, म्हणजे पेंढा, चाकासारखं पसरायचं. मधोमध बियाण्याचं भात ओतायचं. कडा वर उचलायच्या आणि गवताच्याच पिळलेल्या दोराने आवळत आवळत नारळाएवढा, भोपळ्याएवढा, हवा तेवढा गोळा करायचा. सुतळी नाही, खिळा नाही. चांगली मुडी माळ्यावरून खाली पडली तरी दाणा सांडत नाही. आत कीड जात नाही, ओल जात नाही.

नागुबाईच्या माळ्यावर अशा अकरा जातींच्या मुड्या होत्या. मिरगाच्या तोंडाला आसपासच्या वाड्यांतली माणसं तिच्या दारात यायची. कुणाला तांबडं भात हवं, कुणाला वासाचं, कुणाला पाणथळ जागेत तग धरणारं. ती मूठ मूठ द्यायची. नाव विचारायची नाही. रान विचारायची. "तुझ्या वरल्या तुकड्याला हे चालायचं न्हाय रं," म्हणायची, आणि दुसरी मुडी सोडायची.

यातल्या दोनच ओळी रचनाने नागुबाईच्या अर्जात लिहिल्या होत्या. तिथेच रचनाचा घात झाला.

जाहिरात रचनानेच मोबाईलवर बघितली होती. मेघालयातल्या डोंगरात एक संस्था जुनं बियाणं राखायचं काम करते. तीन महिने स्वयंसेवक हवे होते. पगार नाही. राहणं, जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. रचनाने आपला अर्ज भरला. चार पानं लिहिली. माती, स्मृती, आजीची गाणी, सगळं घातलं. लिहून झाल्यावर तिला स्वतःलाच भरून आलं. मग गंमत म्हणून तिने नागुबाईचाही भरला. 'तुम्हाला काय येतं?' या प्रश्नाखाली नागुबाईने फोनवर सांगितलं तेवढंच लिहिलं. "मला भाताचं बी मुडीत बांधता येतं. माझी मुडी सुटत नाही."

महिन्याने निरोप आला. दोघींच्या अर्जांवर नंबर रचनाचाच होता. नागुबाईचा मोबाईल बटणांचा, त्यात नुसतं बोलता यायचं. निरोप उघडला आणि 'आपली निवड झाली आहे' एवढं वाचून रचना अंगणात नाचली. मग तिने वरचं नाव वाचलं.

दुसरा निरोप खाली होता. तो तिचा. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक.

तिने नागुबाईला फोन केला तेव्हा मनात एकच आशा होती. ही नाही म्हणेल. ही सौंदत्तीच्या पलीकडे कधी गेली नाही. हिचा मुलगा भरमू गोव्यात गाडी चालवतो, तो नको म्हणेल. गुडघे दुखतात, म्हैस आहे. शंभर कारणं होती.

पलीकडे नागुबाईने आधी म्हशीला दटावलं. मग म्हणाली, "तिकडं थंडी लई असती व्हय गं?"

तेवढंच विचारलं तिने. म्हैस जावेच्या गोठ्यात बांधली. भरमूला सांगितलं, "मी विचारत न्हाय, सांगालोय."

निघायच्या दिवशी गावाने माउलीच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. रचना तिला न्यायला गेली होती. भावकू म्हातारा पुढे उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात बोलू लागला.

"माउली, ही तुझी लेक उडत्या गाडीतनं परमुलखाला चालली. वाटंत आडवं येईल त्याला आडवं कर. हिला बियासकट पोचीव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आनि पोचल्याचा निरोप आमास्नी धाड!"

"व्हय म्हाराजा!"

रचनाही ओरडली. तोंडाने ओरडली. मनात आलं, मी बेळगावला शिकायला गेले, नेट परीक्षेला बसले, तीन मुलाखतींना गेले. माझ्यासाठी कुणी कधी 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही.

भावकूने नारळ फोडला. एक वाटी देवापुढे ठेवली, दुसरी नागुबाईच्या ओटीत घातली. या गावाची रीत अशी की पोचल्याचा निरोप आला की मग देवापुढची वाटी फोडून खायची. पण माणूस वाटेतून परत आलं, गावची वेस पुन्हा ओलांडली, की गाऱ्हाणं मोडलं. दोन्ही वाट्या ओढ्यात सोडायच्या. आणि त्याच कामासाठी वर्षभर देवीला पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

"तवा काय बी झालं तरी मागं फिरायचं न्हाय," भावकू म्हणाला.

"फिरतोय कशाला?" नागुबाई म्हणाली.

रात्री ती हिंडलग्याला रचनाच्या घरी मुक्कामाला होती. रचनाच्या आईने तिला पोटभर जेवू घातलं, सकाळी ओटी भरली, आणि जाता जाता लेकीला म्हणाली, "बघ. हातात कला असली की जगात कुठंबी बोलावणं येतंय. तूबी शीक काहीतरी."

पायातली चप्पल रचनाने दोनदा उलटी घातली.

पहिला मेसेज साडेआठला आला. बंगळूरला धुकं आहे, विमान साडेअकराला. दोघी विमानतळाच्या दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडत.

"धुकं म्हंजे धुई न्हवं?" नागुबाई म्हणाली. "आमच्या जांबोटीच्या घाटात रोज असती. डायवर काच पुसतोय आनि आणतोय गाडी."

"विमानाचं तसं नसतं आक्का."

"व्हय का? मग त्यापरास आमचा डायवर शाना."

रचनाला हसू आलं नाही. एरवी ती लोळून हसली असती.

दहाला नागुबाईला आत सोडलं. काचेतून रचनाला ती दिसत होती. पिशव्या यंत्रातून गेल्या. यंत्रापाशी बसलेल्या माणसाने मुड्यांची पिशवी बाजूला काढली. एक मुडी हातात घेऊन फिरवली, कानाशी धरून हलवली.

"एनु इदु?" त्याने विचारलं. काय आहे हे?

"भत्तद बीज री," नागुबाई म्हणाली. भाताचं बी. कन्नड तिला बाजारापुरतं यायचं आणि ती ते बाजारातल्यासारखंच मोठ्याने बोलायची. काचेबाहेर ऐकू आलं.

"ओपन माडी." उघडा.

तिने मुडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग दोर सोडला. त्याने बोटाने भात चाळवलं, मान हलवली, जा म्हणाला. पण सुटलेली मुडी घेऊन ती जाणार कुठे? तिने तिथेच जमिनीवर बैठक मारली, तसा रखवालदार धावत आला. विमानाला अजून उशीर आहे असं कळल्यावर त्याने तिला बाहेर जाऊन बांधून आणायची परवानगी दिली. वर म्हणाला, "आज्जी, माझ्या आईकडं पण हे असायचं. आता प्लास्टिकचा डबा हाय." तो निपाणीकडचा निघाला.

मेसेज आला. विमान दीड वाजता.

विमानतळाबाहेर गाड्या थांबतात तिथे एक झाड होतं. त्याच्याखाली नागुबाईने टॉवेल अंथरला, पिंजर पसरलं, भाताचा ढीग मधोमध केला. रचना बघत होती. पाच वर्षं तिने पुस्तकं वाचली. इतरांच्या हातांबद्दल तिने निबंध लिहिले. हे हात मात्र तिच्या पुढ्यात बसून असं काही करत होते की त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. पोटात खोल काहीतरी आवळलं.

"मी बांधू?" ती म्हणाली.

"तू?"

"एकदा बघू दे की."

नागुबाई सरकली. "बांध. दोर पायाच्या अंगठ्यात धर. असा. पिळ सोडू नको. आनि गप गप वढू नको, मुडी काय बकरं हाय व्हय?"

रचना आवळत होती. गवत बोटांना कापत होतं. एक बाई मुलाला विमानतळावर सोडायला आली होती, ती दोन मिनिटं उभी राहून बघत राहिली आणि मोबाईलमध्ये फोटो काढून गेली. फोटोत नागुबाईच आली असणार, रचनाला वाटलं.

"तुम्हाला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"कोन शिकवतंय? सासू लई हुशार हुती बांधायला. पर तिनं आंबुबाईला शिकवलं, थोरल्या जावंला. मला न्हाय. मला म्हनायची, तू शेण काढ. त्या दोघी पडवीत बसून बांधायच्या आनि मी गोठ्यातनं बघायचो. माझ्या पोटात असं दुखायचं, असं दुखायचं, भाकरी गिळायची न्हाय."

रचनाचा दोर हातातच थांबला.

"मग?"

"मग काय? दुपारी दोघी रानात गेल्या की माळ्यावर चढायचो. एक मुडी सोडायची. कशी बांधली ती बगायची आनि परत बांधायची. चार येळा घावलो. सासूनं कालथा फेकून मारला. ही बग खूण." तिने कोपर दाखवलं. "पाचव्या येळंला तिला कळलंच न्हाय कुठली तिची आनि कुठली माझी."

"आणि पोटात दुखायचं थांबलं?"

नागुबाई खो खो हसली. "माझं थांबलं. त्या दिसापासनं आंबुबाईचं दुखाय लागलं."

रचनाची मुडी तयार झाली. एका बाजूला जरा फुगली होती, पण गोल होती. नागुबाईने ती हातात घेतली, अंगठ्याने एका जागी दाबून बघितली.

"जमली?"

"आली की," ती म्हणाली आणि मुडी पिशवीत ठेवली.

दोघींनी भाकरी आणि खर्डा खाल्ला. नारळाच्या वाटीला नागुबाईने हात लावला नाही. पावणेएकला ती पुन्हा आत गेली. जाताना रचनाने तिला बजावलं, "आत कन्नडमध्ये, इंग्रजीत, हिंदीत काय काय सांगत राहतील. तुम्ही गोंधळू नका. सगळे मेसेज माझ्या फोनवर येणार आहेत. माझा फोन आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही."

"तू सांगशील तवा उठीन. न्हायतर न्हाय," नागुबाई म्हणाली.

दीडचे तीन चाळीस झाले. विमानात काही दुरुस्ती होती. रचना काचेबाहेर कट्ट्यावर बसून होती. तिचं काही काम नव्हतं. ती घरी जाऊ शकली असती. गेली नाही. मैत्रीखातर थांबले, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. पण ती काचेतून नागुबाईकडे बघत होती, आणि दर वेळी फोन वाजला की तिच्या मनात एक शब्द यायचा. रद्द. रद्द. रद्द. देवळात माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात त्याच सुरात.

तीन पन्नासला तो शब्द फोनवर आला.

विमान रद्द. खाली लिहिलं होतं, प्रवाशांसाठी हुबळीहून संध्याकाळी साडेसातच्या विमानात जागा राखल्या आहेत. हुबळीपर्यंत कंपनीची गाडी. पुढचं सगळं तिकीट बदलून मिळेल. हवं असल्यास खालचं बटण दाबून चार वीसच्या आत कळवा. न कळवल्यास तिकीट परत केलं असं समजू.

रचनाने मेसेज दोनदा वाचला. आत गडबड उडाली होती. माणसं उठून खिडकीकडे धावत होती. एकजण फोनवर ओरडत होता. नागुबाई खुर्चीत ताठ बसली होती, पिशवी मांडीवर. शेजारची बाई तिला काहीतरी सांगत होती. नागुबाईने हाताने तिला थांबवलं आणि आपल्या बटणांच्या मोबाईलकडे बोट दाखवलं. माझा फोन यायचा आहे.

आणि फोन आला, पण रचनाला. संस्थेतली सौम्या. धारवाडची मुलगी, तिकडे नोकरीला. ती कन्नडमध्ये बोलली, घाईत, पण प्रेमाने.

"रचना, मला कळलं सगळं. खरं सांग. हुबळी, मग बंगळूर, मग पहाटेचं विमान. त्यांना झेपेल? बंगळूरला आमचा माणूस आहे, तो सांभाळेल. पण त्या घाबरल्या असतील तर जबरदस्ती नको. सगळे उद्या दुपारी गुवाहाटीहून एकत्र निघणार. नंतर येणाऱ्याला तीन गाड्या बदलत एकट्याने यावं लागेल. ते त्यांना जमायचं नाही. तुला जमेल. यादीत पहिलं नाव तुझंच आहे. त्या येत नाहीत म्हणालीस तर मी आत्ता तुझं नाव घालते."

"मी विचारून सांगते," रचना म्हणाली.

तिने विचारलं नाही. फोन मांडीवर ठेवला. चार वाजले. चार वाजून पाच. तिने काही केलं नाही, एवढंच तिने केलं. मेसेज आपोआप संपणार होता. कुणाला काही कळणार नव्हतं. मोठ्या वयाच्या बाईला एवढी धावपळ झेपली नसती, असं सगळेच म्हणाले असते. भरमू म्हणाला असता. आईसुद्धा म्हणाली असती. आणि रचना पुढच्या आठवड्यात रेल्वेत बसली असती. खिडकीजवळ. वही घेऊन.

चार दहाला तिने नागुबाईला फोन लावला.

"आक्का, विमान रद्द झालं. बाहेर या. घरी जाऊ."

सगळं खोटं नव्हतं. विमान खरंच रद्द झालं होतं.

नागुबाई बाहेर आली. चालताना ती जरा लंगडत होती, बसून बसून पाय आखडले असतील. पिशवी रचनाच्या पायाशी ठेवली.

"घरी? घरी कसं जायाचं?" ती म्हणाली. "गाऱ्हाणं घातलंय न्हवं?"

"मग आमच्या घरी. हिंडलग्याला."

"आनि मग?"

नागुबाई कट्ट्यावर बसली. पदराने तोंड पुसलं. पहिल्यांदाच ती सत्तावन्न वर्षांची दिसली.

"म्हंजे जायाचं न्हाय," ती हळू म्हणाली. मग रस्त्याकडे तोंड केलं. "भावकूला तोंड दाखवायचं म्हंजे... जाऊ दे. तुझा नंबर हाय न्हवं माझ्या खाली? तू सांगितलतंस."

"हो."

"मग तू जा. बी तरी जाऊ दे. या तीन मुड्या घिऊन जा. तुला बांधायला येतंय की आता."

तिने मुड्या काढून रचनाच्या मांडीवर ठेवल्या. एक, दोन, तीन. तिसरी ठेवली आणि रचनाच्या ओढणीवर काहीतरी टपटपलं. दाणे. तिने मुडी उचलली. फुगलेल्या बाजूला दोराचा पिळ उलगडला होता, तिथून भात गळत होतं. तिने मान वळवली. दारापासून कट्ट्यापर्यंत, नागुबाई चालत आली त्या वाटेवर, दाण्यांची बारीक ओळ पडली होती. काचेच्या आतही असणार. खुर्चीपर्यंत.

तीच मुडी. सकाळी झाडाखाली बांधलेली.

"तुम्हाला माहीत होतं," रचना म्हणाली.

"सकाळीच कळलतं, अंगठा लावला तवा. म्हटलं, विमानात बसूस्तोर टिकंल."

"मग परत का नाही बांधली?"

"तू बांधल्याली, तुझ्या देखत सोडू व्हय?"

रचनाने फोन उचलला. चार वाजून चौदा मिनिटं. बटण अजून हिरवं होतं. तिने ते दाबलं. खात्रीसाठी पुन्हा एकदा दाबलं. मग सौम्याला लिहिलं, त्या येत आहेत.

"आक्का, हुबळीहून विमान आहे. साडेसातला. गाडी इथूनच सुटते."

"आत्ता आला निरोप?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा तिला आयुष्यात पुन्हा मिळाली नसती.

"नाही. मगाशीच आलाय. चोवीस मिनिटं झाली."

नागुबाईने तिच्याकडे बघितलं. सासूने कालथा फेकला असेल तेव्हा ती अशीच बघत असेल, किंवा सासू अशी बघत असेल.

"चोवीस मिनटं काय करत हुतीस?"

"बसले होते."

"नुसती?"

"नुसती."

"मला आत त्या बाईनं सांगितलतं, उठा, हुबळीला चला. मी म्हटलं, माझी मास्तरीण सांगील तवा उठीन." ती उठली. एक पिशवी खांद्याला लावली. दोन मुड्या घेतल्या आणि दुसऱ्या पिशवीत घातल्या. "माझं नशीब, तुला मुडी बांधता येत न्हाय ती."

रचनाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तिने मान खाली घातली. नागुबाईने तिच्या मानेवर हात ठेवला नाही, डोळे पुसले नाहीत, काही नाही. हुबळीची पांढरी गाडी दारात लागली होती आणि ती तिकडे निघाली होती. गुडघे धरून पायरी चढली. खिडकीपाशी बसली. मग खिडकीची काच सरकवून ओरडली.

"ती तिसरी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे! सांडू नको, वासाचं भात हाय त्यात! मी आल्यावर बगतो!"

गाडी गेली. हुबळीची वाट कणकुंबीच्या उलट्या दिशेला. वेस कुठे आडवी येणार नव्हती.

रखवालदाराने केरसुणी मागवली होती. रचना त्याच्या आधी वाकली आणि दारापासून कट्ट्यापर्यंतचे दाणे एकेक करून वेचले. आतले त्याने कागदावर गोळा करून आणून दिले. "आज्जी गेल्या?" त्याने विचारलं.

"गेल्या."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

रचनाने दाणे ओढणीच्या टोकाला बांधले. "ओळखीची," ती म्हणाली.

संध्याकाळच्या बसमध्ये गर्दी होती. तिला मागच्या सीटवर कोपरा मिळाला. मांडीवर मुडी. पिळ उलगडला होता तिथे तिने उजवा अंगठा घट्ट दाबून धरला होता. कंडक्टर आला.

"आधार तोरसरी," तो म्हणाला. बायकांना फुकट तिकीट, पण कार्ड दाखवावं लागतं. कार्ड उजव्या बाजूच्या खिशात होतं. रचनाने डावा हात अंगावरून वळवून तिकडे घातला. पोचेना.

"अहो, ते खाली ठेवा की जरा," तो मराठीत म्हणाला.

"ठेवता येत नाही. सांडतं."

"काय हाय काय त्यात?"

"बी."

कंडक्टरने भुवया उडवल्या आणि पुढच्या माणसाकडे वळला. "काढून ठेवा तवर. परत येतो."

रचनाने खिडकीतून बघितलं. आता नागुबाई कित्तूरच्या जवळ असेल. तासाभरात हुबळी. मग वर, ढगांत. उद्या तिथल्या बायका तिच्याभोवती बसतील, आणि ती म्हणेल, गप गप वढू नका, मुडी काय बकरं हाय व्हय? परवा भावकू देवापुढची वाटी फोडील. गावातल्या पोरांना खोबरं मिळेल. पोटात दुखत होतं. सकाळी होतं तेवढंच, कदाचित जास्त.

दोर कुठे चुकला, ते तिला आता कळत होतं. तिसऱ्या वेढ्यानंतर पिळ सोडला होता. 'मग?' असं विचारलं, तेव्हाच.

मुडी पुन्हा बांधायला घरी अंगणात पेंढा नव्हता. शेजारच्या गोठ्यात होता. मागावा लागणार होता.

बस बेळगावच्या कॅम्पाच्या वळणाला आली तशी बाजूला झुकली. तिने अंगठा हलू दिला नाही.